यादीतलं सातवं नाव

मायाप्पा,

तुझ्या डोक्याला फेटा बांधताना माझे हात थरथरले, ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. बातमी सांगणारी मुलगी खालच्या आवाजात म्हणत होती, "बालमित्राला दुःख अनावर." माझ्या शाळेतल्या पोरांनी ते मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. शेजारच्या काकू मुद्दाम दारात येऊन म्हणाल्या, "गुरुजी, असा मित्र मिळायला भाग्य लागतं हो." मी नुसती मान हलवली. दुसरं काय करणार? दुःख होतंच रे, नाही असं नाही. पण हात थरथरत होते ते लाजेनं. आणि दुसरं कारण फारच साधं आहे, मला फेटा बांधताच येत नाही. जन्मात कुणाला बांधलेला नाही. तुला तर नाहीच नाही.

हे तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं आपण दोघांनी मिळून ते झाकून ठेवलं. नाही, चुकलो. झाकलंस तू. मी त्याच्यावर खुर्ची टाकून आरामात बसलो.

काल तुझी शोकसभा झाली. तिथं काय झालं ते तुला सांगायचंय. पण आधी मागचं सांगतो. तुला माहीत आहे म्हणून काय झालं? एकदा तरी मला माझ्या तोंडानं सांगू दे.

तू गेलास त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर तुझं बालपण चाललं होतं. कुणाच्या तरी भलत्याच झोपडीचं चित्र, त्यापुढं बांधलेलं भलतंच शेरडू, आणि खाली अक्षरं, "फाटक्या चड्डीतून कीर्तीच्या शिखरावर". मला राग आला. तुझी चड्डी कधी फाटकी नव्हती. सगुणामावशी फाटकं घालूच द्यायची नाही. तुझी आई दिवसभर टॉवेलांच्या दशा वळायची, बोटं सालटून जायची, पण संध्याकाळी तुझी गुंडी तुटलेली दिसली की आधी सुई-दोरा काढायची, मग चूल पेटवायची. आपली चाळ, मागं यंत्रमागांचा कारखाना. तुझे वडील सांगोल्याकडचे. ओळीनं दोन-तीन वर्षं पाऊस हुकला तेव्हा मेंढरं विकून सोलापुरात आले आणि त्या कारखान्यात सुताची गाठोडी उचलायला लागले. आमचे आप्पा तिथंच कारकून. सिदाप्पाकाकांनी गाठोडं उचलायचं आणि आप्पांनी ते वहीत लिहायचं, एवढाच काय तो आपल्या दोन खोल्यांतला फरक. पण आमच्या घरात तो फरक रोज कुणीतरी बोलून दाखवायचं. "ती माणसं वेगळी, आपण वेगळे." मी ते ऐकत मोठा झालो. ऐकत झालो म्हणून सुटत नाही मी, पण तुला सांगितलं पाहिजे.

तुमच्या खोलीत खुंटीला काकांचा धनगरी ढोल टांगलेला असायचा. शहरात तो कधी वाजायचाच नाही. मागांच्या खडखडाटात ढोल वाजवून कुणाला ऐकवणार? आठवड्याची सुट्टी असली, माग बंद पडले, की काका तो खाली घ्यायचे, मांडीवर ठेवायचे, थोपटायचे. तू तोंड उघडं टाकून बघत बसायचास. एकदा मला म्हणालास, "मास्तर, माग बंद झालं की माझं कान दुखत्यात." लोक म्हणतात तुझ्या गाण्यातला ताल कुठून आला. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, चाळीच्या मागच्या भिंतीतून आला. पण मला सगळे एकच विचारायचे. फेट्याचंच.

तेव्हा मी मास्तर कसा झालो तेही कुणाला ठाऊक नाही. काकांनी गड्ड्याच्या जत्रेतून तुला एक बेंजो आणला होता. मोडका. निम्म्या पट्ट्या दाबल्या की वर यायच्या नाहीत आणि दोन तारा गायब. तू सायकलच्या ब्रेकची वायर उसवून तिची एकेक बारीक तार काढलीस, बोटं रक्ताळली, आणि शेवटी त्यातून काहीतरी किंचाळलं. सगळी चाळ हसली. तू म्हणालास, "कुटली पट्टी कुटं हाय त्येच ध्यानात ऱ्हात न्हाय." सारेगम तुला येत नव्हतं, मला तरी कुठं येत होतं! मी वहीचं पान फाडलं, त्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, निळ्या शाईनं एकेक आकडा लिहिला आणि कारखान्यातली खळ आणून बेंजोवर चिकटवला. मग तू गाणं आकड्यांत पाठ करायला लागलास. तीन तीन पाच, सहा पाच तीन. त्या दिवसापासून तू मला मास्तर म्हणायला लागलास. मी खरा मास्तर झालो त्याच्या कितीतरी आधी.

शेवटपर्यंत तू चाली आकड्यांतच बांधल्यास. मुंबईतले वादक आधी हसले आणि नंतर तेच आकडे शिकले, हे तूच मला सांगितलंस. मी तुला एकदा म्हटलं होतं, "अरे, मुलाखतीत हे सांग की. हे खरं तरी आहे." तू माझ्याकडं बघितलंस. "ते तुजं-माजं हाय," म्हणालास. "ते लोकांना कशाला?" यावरून आपण भांडलो. म्हणजे मीच भांडलो. तू शेंगाचटणी-भाकरी खात होतास. ते भांडण तसंच राहून गेलं.

आता अकलूज.

मी डी.एड. झालो, नोकरी लागली आणि माझं लग्न अकलूजच्या बड्या घरात ठरलं. सासरे साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, घरापुढं दोन जीपगाड्या, गोठ्यात ही जनावरं. आमचे आप्पा बैठकीत खुर्चीच्या कडेवर बसले होते, मागं टेकले नाहीत, एवढं ते घर मोठं. तोवर तुझी बेंजो पार्टी सोलापुरात नावाला आली होती. मी तुला म्हटलं, "तू वाजवू नकोस. पाहुणा म्हणून ये." तू उडवून लावलंस. "तुज्या लग्नात दुसरं कोन वाजीवनार? दोनी करतो की. आदी वाजीवतो, मग जेवाय पंगतीत बसतो."

माझ्या मामांकडं लग्नातला माइक होता. आपल्याकडचं लग्न म्हणजे तुला सांगायला नको. अक्षता पडायच्या आधी मानाच्या माणसांची नावं पुकारायची, एकेकानं स्टेजवर यायचं, डोक्याला फेटा बांधून घ्यायचा, नवरदेवाला भेटायचं, खाली उतरायचं. ज्याचं नाव राहिलं तो वर्षभर बोलत नाही. मामा म्हणाले, "तुझ्या दोस्तांतले मानाचे कोण कोण, लिहून दे." मी लिहून दिलं. सातवं नाव तुझं, मायाप्पा सिदाप्पा. पुढं वाजंत्री वगैरे काही लिहिलं नाही, नुसतं नाव. ते मी मनापासून लिहिलं होतं. एवढं माझ्यावर विश्वास ठेव, बाकी कशावर ठेवू नकोस.

तू दारात वाजवत होतास. लाल कोट, सोनेरी पट्ट्या, वैशाखातलं ऊन, कोटाच्या काखा ओल्या. मी स्टेजवर डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या लावून उभा. सगळे फेटे पिस्ता रंगाचे, सासरेबुवांनी मुद्दाम निवडलेले. मामा एकेक नाव घेत होते आणि कागदावर खूण करत होते. मग तुझं नाव आलं. माइकवरून, चांगलं मोठ्यानं.

बेंजो थांबला. तू तो हातगाडीवर ठेवलास, हातातली तारा छेडायची नखी दगडूतात्यांच्या, तुझ्या ढोलवाल्याच्या, हातात दिलीस, कोटाच्या बाहीनं तोंड पुसलंस आणि मांडवातून चालत आलास. काय चालत होतास रे! वऱ्हाडातले लोक बाजूला सरत होते. स्टेजच्या पायरीवर माझे चुलत सासरे उभे. त्यांनी हात आडवा घातला.

"ए, कुटं निगालास? वाजंत्री तिकडं, दारात."

"नाव पुकारलं की माजं," तू म्हणालास. हसत.

चुलत सासऱ्यांनी वर माझ्याकडं बघितलं. सासरेबुवांनीही बघितलं. आजूबाजूचे चार फेटे माझ्याकडं वळले. "जावईबापू, ह्यो तुमचा कोन?"

मला एक शब्द बोलायचा होता. "मित्र." तेवढाच. त्यावर कुणी मला फासावर दिलं नसतं. पण माझ्या डोळ्यांपुढं काय आलं, तर आप्पा खुर्चीच्या कडेवर बसलेले. आणि मी म्हणालो, "हा नाही. त्या नावाचा दुसरा आहे. आला नाही वाटतं अजून."

तू माझ्याकडं बघितलंस. मी मुंडावळ्या सारख्या करायला लागलो. मग तू हसलास, मोठ्यानं, आसपासच्या दहा माणसांना ऐकू जाईल असं. "व्हय की! चुकलंच माजं. आमच्यात त्या नावाचं लई हायती." आणि वळलास. एवढ्या माणसांतून परत दारापर्यंत चालत गेलास. आणि वाजवलंस! तात्या नंतर कुणालातरी म्हणाले म्हणे की तसं तू पुन्हा कधीच वाजवलं नाहीस. तुझ्यासाठी काढलेला फेटा फेटेवाल्याच्या हातात राहिला होता. तो त्यानं सासऱ्यांच्या जीपच्या ड्रायव्हरला बांधला. ड्रायव्हर खूश. मी तेही बघत उभा राहिलो.

सुनंदा, माझी बायको, तेव्हा आतल्या खोलीत होती, तिला यातलं काही कळलं नाही. लग्नाच्या गर्दीत असलं कुणाच्या लक्षात राहतं? माझ्या राहिलं. तुझ्या राहिलं.

चार दिवसांनी मी तुमच्या खोलीवर आलो. माफी मागायलाच आलो होतो. सगुणामावशीनं चहा टाकला, सुनेचं कौतुक विचारलं, तू म्हणालास, "लगीन झ्याक झालं की, मास्तर." मी म्हणालो, "हो, झालं." चहा पिऊन घरी आलो. म्हणे माफी मागायला गेलो होतो! पुढं तू पुण्याला गेलास, मग मुंबईला. मी मनात म्हटलं, बरं झालं. असं म्हणणारा माणूस होतो मी.

आणि मग ती पहिली मुलाखत. तू मोठा झालेला, सगळ्या हळदींत तुझीच गाणी. आम्ही घरातले सगळे टीव्हीपुढं बसलेलो. तुझ्या डोक्याला पिस्ता रंगाचा फेटा. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, हा रंग का? तू म्हणालास, "माज्या दोस्ताच्या लग्नात मी दारात वाजवत हुतो. नवरदेवानं माईकवर माजं नाव पुकाराय लावलं, ष्टेजवर बोलावलं आन सोताच्या हातानं मला फेटा बांदला. तवा कळलं, वाजंत्र्यालाबी डोकं असतंय." बाईंच्या डोळ्यांत पाणी. सुनंदा माझ्याकडं बघून म्हणाली, "अगंबाई! खरंच?" मी म्हणालो, "हं."

सगळं त्या एका "हं" मध्ये गेलं बघ.

मी मामांना फोन केला. मामा म्हणाले, "तो म्हणतोय तर म्हणू दे की. तुझं काय जातंय?" खरंच, माझं काहीच जात नव्हतं. उलट येत होतं. शाळेत सत्कार झाला. गावोगावच्या संमेलनांना बोलावणी आली, मैत्री या विषयावर बोला म्हणून. मी बोललो, लेका! पोरांपुढं उभं राहून बोललो. आणि नुसतं तुझं खोटं सांगितलं नाही, त्यात माझी भर घातली. मी म्हणायचो, "सासरेबुवा म्हणाले, आधी तुमचा फेटा. मी म्हटलं, नाही, आधी माझ्या मित्राचा." पोरं टाळ्या वाजवायची. एकदा एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, मग त्यांना रडू आलं का?" मी म्हटलं, "हो, आलं." आता लिहिताना कानशिलं तापलीत माझी.

सोलापुरात तुझा कार्यक्रम असला की पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठरलेली. तू ती गोष्ट सांगायचास, मग माइक घेऊन खाली उतरायचास आणि माझ्यापुढं धरायचास. "आता नवरदेवानं सांगावं." मी म्हणायचो, "माझं काय, मोठेपणा त्याचा." टाळ्या. मला वाटायचं, तू मला मान देतोयस. तू मला खरं बोलायची संधी देत होतास, हे कळायला किती वर्षं लागली मला! मोठेपणा तुझा, हे वाक्य मी म्हणायचो आणि ते खरंही होतं, पण ते मी लपायला वापरत होतो. दोन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमात तू माइक जरा जास्तच वेळ धरलास. तुझ्या कपाळावर फेट्याखाली घाम होता. तू हसत नव्हतास. मला तुझे डोळे दिसत होते आणि तरी मी म्हणालो, "मोठेपणा त्याचा." मग तू माइक मागं घेतलास, लोकांना म्हणालास, "मास्तर लाजरा हाय," आणि गाण्याला सुरुवात केलीस.

तू चिडला असतास तर बरं झालं असतं. चारचौघांत माझी अब्रू काढली असतीस तर मी तुझ्याशी भांडलो असतो आणि सुटलो असतो. पण तू मला चांगला माणूस करून ठेवलंस आणि निघून गेलास. सांग, हे तू माझ्यावरच्या मायेनं केलंस की मला शिक्षा म्हणून? मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं, ही दया होती. कधी वाटतं, हरामखोरानं मला बरोबर कोंडीत धरलं. माफ कर. पण खरं तेच सांगतोय.

शेवटचा फोन तूच केलास. "मास्तर, त्या जुन्या बेंजोच्या पट्ट्या उडाल्यात. आकडे दिसंनात. यिऊन लिवून जा की." मी म्हटलं, "पोरांचे पेपर संपू देत." पेपर संपले. मग तपासायचे होते. मग तू नव्हतास.

होटगी रस्त्यावरच्या तुझ्या घरी तुला आंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं. मग अंगणात आणून ठेवलं, भोवती कॅमेरे, माणसांचा समुद्र. पारूवहिनी पिस्ता रंगाचा फेटा दोन्ही हातांवर घेऊन आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. "भावजी, ह्येंला पयला फेटा तुमी बांदलाय. ह्योबी तुमीच बांदा." मी तिच्याकडं बघितलं. तेव्हा बोलायला हवं होतं. तुझ्या प्रेतापुढं तरी. मी फेटा घेतला. एक टोक हातात धरलं आणि पुढं काय करायचं ते सुचेना. दगडूतात्या गर्दीतून पुढं आले. पार म्हातारे झालेत. त्यांनी दुसरं टोक धरलं, पीळ घातला, माझ्या हाताला धरून एकेक वेढा फिरवला. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. जगाला वाटलं मी बांधला. बांधला तात्यांनी.

आणि काल सभा. सभागृह खचाखच, बाहेरही माणसं. अध्यक्षांनी जाहीर केलं की चौकात तुझं स्मारक होणार. एक नाही, दोन पुतळे. तू लाल कोटात बसलेला, आणि मी, मुंडावळ्या लावलेला, तुला फेटा बांधतोय. चित्रही तयार होतं, पडद्यावर दाखवलं. चित्रकारानं माझा चेहरा फार सुंदर काढलाय रे. इतका मायाळू मी कधीच नव्हतो. सगळे टाळ्या वाजवत होते. मग निवेदक म्हणाला, "ज्या हातांनी पहिला फेटा बांधला, ते आपले गुरुजी, यांनी स्टेजवर यावं."

माइकवरून नाव पुकारलं की उठून चालत जायचं असतं. मी गेलो. तेवढ्या वाटेत मला कळलं, तू त्या दिवशी मांडवातून किती लांब चालत आला होतास ते.

मी म्हणालो, "तुम्ही ज्याला बोलावलंत तो मी नाही. असा माणूस त्या लग्नात नव्हताच." लोकांना वाटलं मी विनयानं बोलतोय. मग मी सांगितलं. सगळं. चुलत सासऱ्यांचा आडवा हात, माझं वाक्य जसंच्या तसं, तुझं हसणं, जीपचा ड्रायव्हर. पोरांपुढं घातलेली भर. पुतळा करायचाच तर एकट्या मायाप्पाचा करा, आणि त्याला तोंड वळवून परत जाताना दाखवा, असंही म्हणालो. अध्यक्ष घाईनं उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून माइकमध्ये म्हणाले, "गुरुजी भावनावश झालेत. आपण समजू शकतो." मी माइक सोडला नाही. म्हटलं, "भावनावश नाही साहेब. खोटारडा आहे."

एक टाळी वाजली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मग आता कशाला सांगायचं?" त्याचं बरोबरच आहे. माझ्या शाळेतली काही पोरं आली होती, ती एकमेकांकडं बघत होती. सुनंदा मान खाली घालून बसली होती. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचं." सकाळी चहा पुढं ठेवला आणि आत निघून गेली.

पण त्याआधी, खाली उतरलो तेव्हा, पारूवहिनी समोर आली. मला वाटलं तिला ठाऊक असेल, तू तिला तरी सांगितलं असशील. तू तिलाही सांगितलं नव्हतंस. ती रडली नाही, रागावली नाही. नुसती म्हणाली, "भावजी, मंग त्या दिशी मला न्हाय म्हनायचं हुतं की. त्येंचा शेवटचा फेटा हुता त्यो." मी हात जोडले आणि तसाच दारापर्यंत गेलो.

दाराशी दगडूतात्या काठीवर हात टेकून उभे होते. पायाशी तुझ्या जुन्या बेंजोची पेटी. म्हणाले, "लई येळ लावलासा, मास्तर." मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. कधी बोलला का नाहीत?"

"त्यानं शपत घातली हुती." तात्या म्हणाले. "टेंपोत बसून परत येत हुतो तवा म्या लई शिव्या घातल्या तुमाला. तर मायाप्पा मलाच म्हनला, तात्या, नाव हुतं रं. मास्तरच्या अक्षरात हुतं. त्यानं सोता लिवलं हुतं, आन पुकारलंबी. मग झालं की." मग त्यांनी काठीनं पेटी माझ्याकडं सरकवली. "मायाप्पानं त्याच दिशी तुमच्या मामांकडनं मागून घेतलेला कागद हाय हितं. आज बोललासा म्हून देतो. न्हायतर म्या दिला नसता."

पेटी माझ्यापुढं आहे. बेंजोवरचे आकडे खरंच उडालेत, खळीचे पिवळे डाग तेवढे राहिलेत. झाकणाच्या आत, चार घड्या घातलेला, माझ्या वहीचा कागद. माझं अक्षर, तेव्हाचं, जरा उभट. बारा नावं. मामांनी एकेक फेटा बांधून झाला की नावापुढं खूण केलीय. अकरा खुणा आहेत. सातव्या नावापुढं काही नाही.

मी पेन उचललं होतं. मग ठेवून दिलं. ती खूण करायची वेळ अकलूजच्या मांडवात होती, मायाप्पा, आणि तेव्हा मी तिथंच उभा होतो.